अवजारे भाड्याने देण्याचा व्यवसाय चालेल का, हे पैसे घालण्याआधी कसे पडताळावे?

पाना-पक्कड (धागाकर्ता)

नमस्कार. गेली सोळा वर्षे मी यंत्रांच्या देखभालीचे काम करीत आहे आणि नोकरी सांभाळून एक लहानसा व्यवसाय सुरू करावा, असे बरेच दिवस मनात घोळत आहे. ड्रिल मशीन, उंच शिडी, टाईल कटर, ओले-सुके दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम अशा वस्तू घरात वर्षातून एखाद-दोन वेळाच लागतात. त्या विकत घेऊन माळ्यावर धूळ खात ठेवण्यापेक्षा लोक दिवसाच्या भाड्याने घेतील, असा माझा कयास आहे.

ओळखीच्या चाळीस जणांना ही कल्पना सांगितली. सदतीस जणांनी ती उत्तम असल्याचे सांगितले आणि तिघांनी उत्तरच दिले नाही. एकाचाही नकार न आल्यामुळे उत्साह वाढण्याऐवजी मला शंका येऊ लागली आहे. वीस-पंचवीस अवजारे घेता येतील इतकी शिल्लक माझ्यापाशी आहे, पण ती एकदाच खर्च करता येईल. तेव्हा ‘करून पाहा’ किंवा ‘भानगडीत पडू नका’ यापलीकडे जाऊन, नेमके काय आणि कसे तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

अडकित्ता

माझे ड्रिल गेली तीन वर्षे माझ्या मेव्हण्याकडे विनाभाडे नांदत आहे. आपण व्यवसाय सुरू केलात तर पहिले देयक त्याच्या नावे काढावे, ही नम्र विनंती.

जमाखर्च

अडकित्ता यांनी हे विनोदाने लिहिले असले, तरी धाग्यातला पहिला महत्त्वाचा मुद्दा त्यात येऊन गेला. आपली स्पर्धा विकत घेण्याशी जितकी आहे, त्याहून अधिक ती शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून फुकट मागून आणण्याशी आहे, आणि फुकटाशी भावात स्पर्धा करता येत नाही.

आता हिशेबाकडे वळू. चलन बाजूला ठेवून ड्रिलची किंमत 100 एकके धरा आणि दिवसाचे भाडे 6 धरा. त्याहून अधिक भाडे मागितले, तर चार-पाच वेळा भाडे भरण्यापेक्षा स्वतःचेच ड्रिल घेतलेले बरे, असा विचार माणूस करू लागतो. आपण वस्तू घरपोच देणार आणि परतही आणणार असाल, तर दोन फेऱ्यांचे इंधन आणि वेळ मिळून 3 एकके जातील. साफसफाई, बिटांची (भोक पाडणाऱ्या टोकांची) झीज आणि किरकोळ दुरुस्ती यांना 1 धरा. हातात उरतात 2, म्हणजे केवळ ड्रिलची किंमत वसूल होण्यासाठी ते 50 वेळा बाहेर जावे लागेल. अशी कामे लोक बहुधा सुट्टीच्या दिवशी काढतात. वर्षातल्या 52 साप्ताहिक सुट्ट्यांपैकी निम्म्या सुट्ट्यांना जरी ड्रिल बाहेर गेले, तरी वसुलीस जवळपास दोन वर्षे लागतील, आणि घरगुती वापरासाठी बनवलेले यंत्र पन्नास वेगवेगळ्या हातांखालून धड परत येईलच असे नाही.

याउलट ग्राहक स्वतः येऊन वस्तू घेऊन गेला आणि परत आणून देऊ लागला, तर प्रत्येक वेळी 5 उरतात आणि 20 वेळांत पैसे फिटतात. लोकांना कल्पना आवडते की नाही, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवावा. ग्राहक स्वतः येईल का, या एकाच गृहीतकावर हा व्यवसाय तरणार किंवा बुडणार आहे, म्हणून आधी तेच तपासावे.

उलटतपासणी

ज्या चाळीस जणांना आपण विचारले, त्यांचे उत्तर बाद समजावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते खोटे बोलले असे नव्हे. समोरचा माणूस डोळ्यांत उमेद घेऊन विचारत असताना ‘नाही’ म्हणणे जड जाते, आणि ‘उत्तम आहे’ म्हणायला काहीही पडत नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी 1938 मध्ये ग्राहकाच्या पसंतीविषयी जो विचार मांडला, त्याचे सारच असे आहे की माणसाची आवड त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर त्याने प्रत्यक्षात काय निवडले यावरून ओळखावी.

तरीही लोकांशी बोलायचेच असेल, तर आपल्या कल्पनेचा उच्चारही करू नये. ‘मागच्या वेळी भिंतीला भोक पाडायचे होते तेव्हा आपण काय केले?’ एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. उत्तरात ‘सुताराला बोलावले’, ‘खालच्या मजल्यावरून आणले’, ‘अजून पाडलेलेच नाही, चित्र जमिनीवरच टेकवून ठेवले आहे’ असे काहीतरी येईल. हे शेवटचे उत्तर सर्वांत बोलके आहे. ज्याला वर्षभर त्या चित्राची अडचण झाली नाही, तो भाडेही देणार नाही.

आडवाटेने

मला हा सगळा खटाटोप भीतीला दिलेले भारदस्त नाव वाटतो. चार अवजारे घ्यावीत, पाटी लावावी आणि कामाला लागावे. निक स्विनमर्न यांनी 1999 मध्ये इंटरनेटवर पादत्राणे विकायला काढली, तेव्हा त्यांनी कोठे सर्वेक्षण केले होते? आज त्यांच्या त्या दुकानाचे, झॅपोसचे, नाव सगळ्यांना माहीत आहे.

उलटतपासणी

@आडवाटेने, आपण दिलेले उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. स्विनमर्न यांनी सुरुवातीला माल भरलाच नाही. त्यांनी दुकानांतल्या पादत्राणांची छायाचित्रे काढून ती संकेतस्थळावर टाकली. कोणी मागणी नोंदवली की त्या दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. त्या व्यवहारात नफा नव्हता, पण लोक पायात घालून न पाहता पादत्राणे विकत घेतील का, या एका प्रश्नाचे उत्तर त्यांना साठा न करता मिळाले. सुरुवात आणि चाचणी ही तेथे एकच गोष्ट होती, एवढाच आपल्या आणि माझ्या म्हणण्यातला फरक.

आडवाटेने

तपशील मान्य. ‘कामाला लागावे’ यावर मात्र मी अजूनही ठाम आहे.

संदर्भखूण

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. अमेरिकेत बर्कले येथील सार्वजनिक ग्रंथालय 1979 पासून पुस्तकांप्रमाणेच अवजारेही उसनी देते. म्हणजे अवजारे वाटून वापरण्याची गरज लोकांना असते, हे नव्याने सिद्ध करण्याची आवश्यकता नाही.

जमाखर्च

@संदर्भखूण, उदाहरण चांगले आहे, परंतु तेथे सभासदांना अवजारे विनामूल्य मिळतात आणि खर्च सार्वजनिक निधीतून चालतो. गरज असणे वेगळे आणि त्या गरजेपोटी पैसे मोजण्याची तयारी असणे वेगळे. पुष्कळशा कल्पना या दोहोंच्या मधल्या खड्ड्यातच पडतात.

संख्यारेषा

मागणीचा अंदाज घरबसल्या बांधता येतो, त्यासाठी पैसे लागत नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी हे शिकागोत पियानो जुळवणारे किती असतील यासारखे प्रश्न विद्यार्थ्यांना घालत. मोठा अज्ञात आकडा लहान लहान अंदाजांत फोडायचा आणि मग त्यांचा गुणाकार करायचा, अशी ती रीत.

समजा, चालत येण्याच्या अंतरावर 4000 घरे आहेत. निम्म्या घरांत ड्रिल आहे असे धरले, तर उरली 2000. प्रत्येक घरी वर्षातून दोनदा गरज पडते, म्हणजे 4000 प्रसंग. त्यांतील बहुतेक वेळा शेजारी किंवा कारागीर उपयोगी पडेल, म्हणून विसांतील एकच प्रसंग आपल्या वाट्याला येईल असे मानू. म्हणजे वर्षाला 200 वेळा, आठवड्याला सुमारे चार. जमाखर्च यांच्या हिशेबाने प्रत्येक वेळी 5 एकके उरली, तर वर्षाला 1000, म्हणजे दहा ड्रिलची किंमत. शिवाय चारही ग्राहक एकाच सुट्टीच्या दिवशी आले, तर त्यासाठी चार ड्रिल लागतील आणि उरलेले सहा दिवस ती फळीवर बसून राहतील. नोकरी सोडण्यासाठी हा आकडा अपुरा आहे आणि नोकरी सांभाळून करण्यासाठी बरा आहे. माझी गृहीतके चुकीची असतील तर खुशाल बदलावीत. कोणता आकडा थोडा हलवला की उत्तर फार हलते हे पाहावे, आणि तोच आकडा बाहेर जाऊन तपासावा. येथे तो ‘विसांतील एक’ हा आहे.

आणखी एक साधा नियम उपयोगी पडेल. यदृच्छेने निवडलेल्या तीस जणांना खरोखर भाडे भरायला सांगितले आणि एकानेही भरले नाही, तर ‘कोणीच घेणार नाही’ असे सिद्ध होत नाही. तीनला तीसने भागावे. खरे प्रमाण फार तर 10 टक्के असू शकेल, असे 95 टक्के विश्वासाने म्हणता येते. त्या 10 टक्क्यांतही आपले भागत नसेल, तर मात्र तीस नकारांवर थांबायला हरकत नाही.

बांधणीवाली

मी पाच वर्षांपूर्वी जुनी पुस्तके आणि प्रबंध बांधून देण्याचे काम घरातून सुरू केले, म्हणून अनुभवाने दोन गोष्टी सांगते.

पहिली चाचणी मी घेतली आणि ती फसली, पण फसली हे मला चार महिने कळले नाही, कारण ‘फसली’ कशाला म्हणायचे हेच आधी ठरवले नव्हते. महिन्याला तीन पुस्तके येत होती. मी म्हणे, सुरुवात आहे. पुढच्या महिन्यात म्हणे, परीक्षांचे दिवस आहेत. त्यापुढे म्हणे, पावसाळा आहे. मनाला कारणे फार लवकर सुचतात. दुसऱ्या वेळी मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवले: ‘सहा आठवड्यांत अनोळखी माणसांची पंधरा कामे, आगाऊ रकमेसह, आली नाहीत तर थांबायचे.’ यातला ‘अनोळखी’ हा शब्द महत्त्वाचा होता. ओळखीची माणसे पहिले काम कौतुकाने देतात आणि दुसरे देत नाहीत. सहा आठवड्यांत अकराच कामे आली. कागदाप्रमाणे मी थांबले, पण थांबताना लक्षात आले की अकरांपैकी आठ कामे एकाच प्रकारची होती, म्हणजे जुन्या कौटुंबिक वह्यांची. आता मी तेवढेच करते.

दुसरी गोष्ट अशी की स्वतःच्या वेळेला शून्य किंमत लावू नये. पहिल्या हिशेबात मी कागद, सरस आणि कापड मांडले होते. रात्री साडेअकरापर्यंत दाबपट्टीपाशी बसलेली मी त्यात कोठेच नव्हते.

मोजपट्टी

एक नैतिक शंका आहे. जे अवजार आपल्याजवळ नाही त्याची जाहिरात करून किती जण विचारतात हे पाहावे, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. ही फसवणूक नव्हे का?

उलटतपासणी

आगाऊ रक्कम घेऊन वस्तू दिली नाही, तर ती सरळ फसवणूक आहे. रक्कम न घेता ‘ही वस्तू लवकरच उपलब्ध होईल, नाव नोंदवावे’ असे स्पष्ट लिहिले, तर नाही. मात्र नुसत्या नावनोंदणीवर विसंबू नये. ज्याचे नाव नोंदवण्यात काहीच खर्ची पडले नाही, त्याचा होकार त्या सदतीस होकारांच्याच जातीचा. निदान ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी माणूस दारात आला, एवढे तरी घडायला हवे.

पाना-पक्कड (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेतून माझा बेत असा ठरला आहे. नवे काहीही विकत न घेता माझ्याजवळ असलेली चार अवजारे, म्हणजे ड्रिल, शिडी, व्हॅक्यूम आणि टाईल कटर, पाच आठवडे भाड्याने देऊन पाहीन. चारही वस्तूंना भाडे एकच, म्हणजे जमाखर्च यांच्या हिशेबातली 6 एकके. चौकशी करणाऱ्यांपैकी एकाआड एकाला ‘घरपोच मिळेल’ असे सांगेन आणि दुसऱ्याला ‘येऊन न्यावे लागेल’ असे. अनामत रक्कम दोघांकडूनही घेईन. अनोळखी माणसांचे दहा व्यवहार झाले नाहीत, तर थांबेन. तसा कागद कपाटाच्या दारावर आतून लावला आहे.

अडकित्ता

अनामत म्हणून मेव्हणा ठेवून घेतला तर चालेल का?

पाना-पक्कड (धागाकर्ता)

पाच आठवडे पूर्ण झाले, म्हणून धागा वर काढत आहे.

एकूण 31 चौकश्या आल्या, सर्व अनोळखी माणसांच्या. घरपोच सेवा सांगितलेल्या 16 जणांपैकी 9 जणांनी वस्तू घेतली. येऊन नेण्यास सांगितलेल्या 15 जणांपैकी 4 जण आले. एकूण 13 व्यवहार झाले, म्हणजे कागदावरची अट पूर्ण झाली. परंतु जमाखर्च यांचे सूत्र लावले तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसलो. घरपोच नऊ व्यवहारांतून 2 प्रमाणे 18 एकके उरली आणि येऊन नेलेल्या चार व्यवहारांतून 5 प्रमाणे 20. नऊ घरांचे जिने चढून मी चारांपेक्षा कमी कमावले!

एक प्रसंग नोंदवतो. तिसऱ्या आठवड्यात ड्रिल परत आले तेव्हा डबा स्वच्छ पुसलेला होता. घेऊन जाणारे गृहस्थ अतिशय सभ्य होते आणि वेळेवर आले. ते गेल्यावर डबा उघडला, तर हवा खेळण्याच्या फटींत सिमेंटची पांढरी भुकटी गच्च बसलेली, आठ मिलिमीटरच्या बिटाचे टोक जळून निळे पडलेले आणि चकची (बिट पकडून ठेवणाऱ्या जबड्याची) किल्ली गायब. त्यांनी हॅमरची, म्हणजे ठोके देत भोक पाडण्याची, कळ न दाबताच काँक्रीटवर जोर लावला होता. चूक त्यांची म्हणता येणार नाही, कारण ती कळ कशासाठी असते हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. त्या दिवशी साफसफाईला माझा सव्वा तास गेला. ‘1 एकक’ या आकड्यात तो सव्वा तास मावत नाही.

संख्यारेषा

अभिनंदन. आधी एक सावधगिरीची सूचना देतो. 15 पैकी 4 या निकालावरून खरे प्रमाण साधारण 8 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, आणि दोन गटांतला फरकही एवढ्या लहान संख्येत योगायोगाने पडू शकतो. आपण प्रत्येक गटातल्या चौकश्या आणि व्यवहार वस्तूनिहाय देऊ शकाल का? शिडी आणि ड्रिल एकाच हिशेबात मिसळली आहेत, तेथे काहीतरी दडले असावे असा संशय येतो.

पाना-पक्कड (धागाकर्ता)

वही काढून पाहिले. घरपोच गटात शिडीच्या 6 चौकश्या आल्या आणि त्यांपैकी 5 जणांनी ती घेतली. सहावे परत फिरले, कारण त्या दिवशी शिडी आधीच बाहेर गेली होती. उरलेल्या तीन वस्तूंच्या मिळून 10 चौकश्या, व्यवहार 4. येऊन नेण्याच्या गटात शिडीच्या 5 चौकश्या, एकही आला नाही. उरलेल्या तीन वस्तूंच्या 10 चौकश्या, व्यवहार 4.

लिहितानाच लक्षात आले. शिडी वगळली, तर दोन्ही गटांत दहापैकी चारच आहेत.

जमाखर्च

म्हणजे ड्रिल, व्हॅक्यूम आणि कटर यांसाठी आपण ज्या फेऱ्या मारल्या, त्यांनी एकही जास्तीचा ग्राहक आणला नाही. त्या वस्तू घरपोच देणे बंद करावे, आणि शिडी पोहोचवण्याचे शुल्क भाड्याव्यतिरिक्त वेगळे आकारून पाहावे. नेमकी शिडीच का चालली, याचाही विचार करावा. ड्रिल खणात मावते, म्हणून लोक कधी ना कधी ते घेऊन टाकतात. उंच शिडी विकत घेण्याची ऐपत असली, तरी ती ठेवायची कोठे?

बांधणीवाली

अगदी माझ्या वह्यांसारखेच झाले. ज्या वस्तूसाठी आपण धागा काढला ती राहिली बाजूला!

आडवाटेने

मी आधीच म्हटले होते की कामाला लागावे. पाच आठवडे कामाला लागल्यावरच हे कळले ना?

उलटतपासणी

@आडवाटेने, पंचवीस अवजारे घेऊन कामाला लागले असते, तर त्यांतली किती शिड्या असत्या?

मोजपट्टी

शिडीच्या बाबतीत एक गोष्ट राहून जाऊ नये. कोणी वरून पडले तर उत्तरदायित्व कोणाचे, याचे नियम ठिकाणानुसार बदलतात. पुढची शिडी घेण्याआधी स्थानिक वकिलाला आणि विमा देणाऱ्याला विचारावे. देताना आणि परत घेताना बिजागऱ्या, पायऱ्या आणि खालचे रबरी बूट तपासल्याची सही दोघांनीही करावी. विम्याचा हप्ता हिशेबात धरला, तर शिडीही कदाचित परवडणार नाही.

पाना-पक्कड (धागाकर्ता)

मान्य. विम्याची चौकशी उद्याच करतो. हप्ता परवडला, तर घडी घालून गाडीच्या डिकीत मावणाऱ्या दोन शिड्या घेईन, म्हणजे ग्राहक ती स्वतः नेऊ शकतो का हेही कळेल. वेळ पुन्हा पाच आठवडे. या खेपेस कागदावर ‘भाड्यातून खर्च वजा जाता ताशी उत्पन्न माझ्या जादा कामाच्या दरापेक्षा कमी आले तर थांबायचे’ असे लिहिले आहे, आणि साफसफाईचा वेळ घड्याळ लावून मोजणार आहे. ड्रिल नवे घेणार नाही. आहे ते देईन, पण हॅमरची कळ दाखवल्याशिवाय हातात देणार नाही.

अडकित्ता

हा धागा मेव्हण्याला वाचायला दिला. काल ड्रिल परत आले. चकची किल्ली नाही.

पाना-पक्कड (धागाकर्ता)

चकचे माप कळवावे. माझ्याकडे आता चार जादा किल्ल्या आहेत.